संकल्पातला दामोदर

आमच्या रामरक्षा मंडळात एकशे बारा बायका. अर्ध्याअधिक अमरावतीच्या, बाकीच्या अकोल्याच्या, चारदोन मूर्तिजापूर-बाळापूरकडच्या. संध्याकाळी सहाला मी ग्रुपवर त्या दिवसाचा संकल्प टाकत असे, म्हणजे आज कोणासाठी म्हणायचं ते. मग दिवेलागणीला जिच्या तिच्या देवघरात अकरा आवर्तनं होत. कोणाच्या नवऱ्याचं ऑपरेशन असे, कोणाची सून बाळंतपणाला टेकलेली असे. सात वर्षांत एकही दिवस खाडा झाला नव्हता.

फेसबुकवर मंडळाचं पेज काढलं ते आकांक्षानं. अमरावतीत अंबागेटच्या आत आमचं घर, वरची खोली आम्ही तिला दिलेली. बाळापूरच्या मास्तरांची एकुलती एक मुलगी, स्पर्धा परीक्षेचं तिसरं वर्ष. मला म्हणाली, "काकू, ग्रुपमध्ये एकशे बाराच बायका. फेसबुकवर टाकलं तर हजारो जणी म्हणतील." मला काय, देवाचं नाव जितक्या तोंडी जाईल तितकं चांगलं. मी मजकूर पाठवायचा, तिनं त्याला समईचं चित्र लावून पेजवर टाकायचं, असं ठरून गेलं. वर्षभरात नऊ हजार लोक झाले.

सीमेवर तणाव होता त्या दिवसांतली ही गोष्ट. आकांक्षाची पूर्वपरीक्षा निघाली होती, मुख्य परीक्षा तोंडावर आली होती. टीव्हीवर सारखे भोंगे वाजत होते. एका सकाळी मूर्तिजापूरकडची रुख्मिणी आली. नवरा महादेवराव शेती पाहतो, मुलगा विपुल पलटणीत. मुलाची पत्रिका आमच्याच घरी झालेली, त्यामुळे येणंजाणं होतं. आल्या आल्या तिनं पदरानं तोंड पुसलं आणि यांच्या पायावर डोकं ठेवलं. यांना गावात सगळे मोरोपंत गुरुजी म्हणतात.

"गुरुजी, पोट्ट्याचा फोन आलता. सुट्टी तोडून बलावलं. मले म्हणते, आई, कोणालेच सांगू नको. मंग मी म्हटलं, अरे बाप्पा, देवाले तं सांगू देशीन का नाई?"

आम्ही सगळेच हसलो. आकांक्षा तेव्हा खालीच होती, तिनंच चहा केला. रुख्मिणीनं तिला मोबाइलमधला विपुलचा फोटो दाखवला. "मिशी पाह्यली का? बापावर गेला."

"आज विपुलसाठीच म्हणू," मी म्हटलं.

"विपुल हे हाकेचं नाव झालं," हे म्हणाले. "संकल्पात पत्रिकेतलं घ्यायचं. पूर्वाभाद्रपदा, तिसरं चरण, दामोदर. गोत्र काश्यप. आणि आता आहे कुठे तो?"

रुख्मिणी माझ्याकडे पाहू लागली.

"अहो, देशकाल लागतो. आमचे वडील म्हणायचे, वाटेवरच्या माणसासाठी म्हणायचं तर तो कुठून निघाला, कुठे चालला, कोणत्या दिवशी, हे उच्चारल्याशिवाय पाणी सोडायचं नाही. पत्त्याशिवाय पत्र पोचतं का?"

तिनं दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली करून सांगितलं. कोणत्या स्टेशनावरून पलटण चढणार, कोणत्या दिवशी, सीमेवरच्या कोणत्या गावी उतरणार. ती नावं मी आताही इथे लिहीत नाही. त्या दिवशी मात्र लिहिली. सुवाच्य अक्षरात आधी वहीत, मग मोबाइलवर: चि. दामोदर, काश्यप गोत्र, अमुक पलटण, अमुक स्थानाहून अमुक स्थानी रविवारी प्रस्थान, सर्व शस्त्रास्त्रांपासून रक्षण होवो.

संध्याकाळी आकांक्षा खाली आली. मी वाती वळत होते.

"काकू, हे गावाचं नाव पेजवर राहू द्यायचं? काढू का?"

"अगं, देशकाल काढला तर संकल्प कसला? आहे तसंच टाक."

ती उंबऱ्यातच उभी राहिली. "नाही, मी म्हटलं, सध्याचे दिवस... पाहा बरं, काकू."

"टाक गं. देवाचं काम आहे."

"बरं," ती म्हणाली आणि वर गेली.

पुढचे तीन दिवस मी हवेत होते. त्या मजकुराखाली कुठली कुठली माणसं लिहू लागली. साताऱ्याकडच्या एका बाईनं लिहिलं, माझाही मुलगा तिकडेच आहे, त्याच्यासाठीही म्हणा. नाव, पलटण, गाव, सगळं. तिचं पाहून नांदेडच्या एकीनं लिहिलं. मग बहिणी, मग बायका. एकीनं तर मुलानं पाठवलेला तळाचा फोटोच टाकला, मागे गाड्या उभ्या होत्या. मी चष्मा लावून यांना एकेक नाव वाचून दाखवायची आणि हे प्रत्येकासाठी देवापुढे अक्षता टाकायचे. त्रेचाळीस झाली. हजारावर लोकांनी तो मजकूर पुढे पाठवला होता. आमच्या दोघांच्याही डोक्यात एकदासुद्धा आलं नाही, की ज्या घरांतून हे वाचलं जातंय त्या सगळ्याच घरांत देवघर नसेल.

मंगळवारी सकाळी पेज दिसेनासं झालं आणि अकराच्या सुमारास आकांक्षाला अभ्यासिकेतून पोलिसांनी नेलं.

आम्ही दोघं ठाण्यात गेलो. उत्तमराव हवालदार ओळखीचे, त्यांच्या घराची वास्तुशांत यांनीच केलेली. ते दारातच आडवे आले.

"काकू, तुमी मधात पडू नका. तुमचं नाव कुठीच नाई. पेज पोरीच्या नावावर हाय."

"पण मजकूर माझा आहे."

"हळू बोला ना, बापा," ते म्हणाले आणि कपाळाला हात लावला.

आतले साहेब तरुण होते, शांत होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग समोर कागदांचा गठ्ठा ठेवला. आकांक्षानं दोन वर्षांत लिहिलेलं सगळं त्यात होतं. मागे गावात दंगल झाली आणि तीन दिवस इंटरनेट बंद होतं, तेव्हा तिचा एक फॉर्म भरायचा राहिला. तेव्हाचं होतं: 'इंटरनेट बंद करणं सोपं, लोकांना उत्तर देणं अवघड.' कोणाच्या लिखाणाला नुसतं लाइक दिलं म्हणून एका पोराला पोलिसांनी उचललं होतं, त्यावर लिहिलेलं होतं: 'आता मनातही हळू बोला.' त्याखाली लाल शाईनं रेघ मारलेली.

"ही मनोवृत्ती पाहा, काकू."

"तिला राग येतो," मी म्हटलं. "राग येणं म्हणजे काय..."

"रागाचं जाऊ द्या. ते बोलायचा तिला हक्क आहे, मीही मानतो. पण हे?" त्यांनी त्रेचाळीस नावांची यादी पुढे केली. गावांनुसार लावलेली होती. तशी लावल्यावर ती यादी राहिली नव्हती, नकाशा झाला होता. "या एकेका घरी मला वाईट बातमीचा फोन जाऊ द्यायचा नाही. माझा धाकटा भाऊही तिकडेच आहे. आता मला सांगा, हा दामोदर कोण? अख्ख्या पलटणीत दामोदर नावाचा जवान नाही. खोट्या नावाआड खरं ठिकाण सांगायचं, हे भक्तीत बसतं का?"

मी तोंड उघडलं. यांनी टेबलाखाली माझा हात दाबला.

"तुमचा मेसेज आहे तिच्या फोनमध्ये," साहेब म्हणाले. "तुम्ही तो ओळखीच्या बायकांना पाठवलात, तिनं जगाला. पण तुम्हाला मजकूर कोणी दिला? त्या मुलीनंच ना? तसं असेल तर तुमचं साक्षीवर भागेल."

"नाही," मी म्हटलं. "तिनं नाही दिला."

"मग कोणी?"

मी पाण्याचा पेला उचलला. दामोदर म्हणजे विपुल, हे आम्हा चौघांनाच माहीत होतं: आम्ही दोघं, रुख्मिणी, महादेवराव. आणि पाचवी, चहाचे कप हातात घेऊन उभी असलेली आकांक्षा.

बहिणीचा मुलगा सौमित्र अकोल्याला वकिली करतो. तो त्याच दिवशी आला, आकांक्षाला भेटला, संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसला.

"मावशी, तिला दामोदर कोण ते माहीत आहे का?"

"आहे."

"ती सांगत नाही. मलाही सांगितलं नाही. म्हणते, मजकूर आला, मी टाकला." त्यानं डोळे चोळले. "आता नीट ऐक. दामोदर सापडत नाही तोवर ती पोस्ट म्हणजे हवेतली गोष्ट आहे. ते ठिकाण खरं की खोटं, हे सैन्य कोर्टात येऊन सांगणार नाही. खाली लोकांनी लिहिलं ते लोकांनी लिहिलं. सोमवारी जामिनाची सुनावणी आहे. तोवर तुम्ही दोघं गप्प राहायचं."

"म्हणजे दामोदर नाहीच, असं म्हणायचं?"

"आहे म्हणायचं नाही, इतकंच."

"आणि जामीन नाही झाला तर?"

"कलमं देशाच्या सुरक्षेची लागलीत, मावशी. महिने जातात. आणि केस उभी राहिली की ती परीक्षा पास झाली काय अन् नाही काय. चारित्र्य पडताळणीतच नाव कापलं जाईल."

हे म्हणाले, "आणि तिचं नाव सुटावं म्हणून विपुलचं दिलं तर त्याची वर्दी जाईल. पलटणीची हालचाल घरी सांगितली म्हणून."

"म्हणूनच म्हणतो, गप्प राहा."

गप्प राहायला मला जड जात नाही. सकाळची पूजा होईपर्यंत मी रोजच बोलत नाही. पण त्या चार दिवसांत देवापुढे बसले की रामरक्षेच्या अधेमधे त्या साहेबांचाच आवाज यायचा. तिच्यावर खोट्या नावाचा आळ होता आणि ते नाव खोटं नव्हतं, एवढंच मला दिसत होतं.

शुक्रवारी मी एसटीनं मूर्तिजापूरला गेले, तिथून ऑटोनं रुख्मिणीच्या गावी. तिला विचारल्याशिवाय तिच्या मुलाचं नाव घ्यायचं नव्हतं. महादेवराव अंगणात बसले होते. त्यांना सगळं कळलेलं होतं.

"गुरुजींच्या घरून असं होईन असं वाटलं नोयतं," ते म्हणाले. "माहं पोरगं त्या गाडीत होतं. कोणी वाचून टपून बसलं असतं तं?"

मी मान खाली घातली. "चूक आमचीच. पण शिक्षा ती मुलगी भोगतेय."

बराच वेळ ते काडीनं जमीन कोरत राहिले. मग म्हणाले, "मास्तरची पोट्टी व्हय ना? सांगा. विपुलचं नाव सांगून द्या."

रुख्मिणी आतून धावत आली. "कावून सांगा? एकच पोरगं व्हय तुमाले!"

"तिच्या बापालेई एकच हाय."

"तिचा बाप पाहून घेईन तिचं! तिले कोण मारून राहिलं तिथं? माह्या लेकराच्या डोक्यावरून गोळ्या जाऊन राहिल्या, अन् हे त्याले चोर बनवाले निघाले." ती माझ्याकडे वळली. चहा विचारला नव्हता, बसा म्हटलं नव्हतं. "तुमाले सांगते, काकू. मी नोयती सांगून राहिली. तुमच्या गुरुजीनं इचारलं, कुठी हाय म्हणून. मी तं फक्त देवाले सांगाले आलती."

परतीच्या एसटीत मला खिडकीजवळची जागा मिळाली. कपाशीच्या काळ्या रानाकडे पाहत मी मनाशी हिशेब घालत बसले, की एका बाजूला होकार आला आहे, बापाचा होकारही होकारच असतो. आईच्या नकाराचं काय करायचं, ते मी ठरवलं नाही. ठरवायचं टाळलं.

शनिवारी यांना न सांगता ठाण्यात गेले. साहेबांनी पुन्हा खुर्ची दिली.

"दामोदर कोण, एवढं कळलं तर मुलीचा हेतू साफ होता असं आम्हालाही लिहिता येईल," ते म्हणाले. ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही.

मी सगळं सांगितलं. पत्रिका, चरण, देशकाल, रुख्मिणी, विपुल. उत्तमराव लिहीत होते. मध्येच त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. "काकू, पाणी घेता का जराक?" त्यांना मला थांबवायचं होतं, हे मला नंतर उमगलं. मी पाणी नको म्हटलं. उलट मुलीचा चांगुलपणा नोंदला जावा म्हणून अधिक सांगितलं, की ती किती समंजस आहे पाहा, तिनं मला एकदा नाही, दोनदा विचारलं, गावाचं नाव काढू का म्हणून. मीच नको म्हटलं.

"दोनदा विचारलं?" साहेबांनी विचारलं.

"हो. 'सध्याचे दिवस' असंही म्हणाली."

"ते तसंच लिहा," ते उत्तमरावांना म्हणाले. मग कागद माझ्यापुढे आला. मी सही केली. घरी येऊन दिवा लावला आणि कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

सोमवारी कोर्टात आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. आकांक्षाचे वडील आमच्या पुढच्या बाकावर, पांढरा सदरा, मांडीवर पिशवी. सौमित्रनं चांगलं मांडलं. नाव काल्पनिक, ठिकाणाला पुरावा नाही, मुलीनं नुसतं मंडळाचं काम केलं. मग सरकारी वकील उठले आणि त्यांनी माझा जबाब वाचला.

जवान खरा आहे. ठिकाण खरं आहे. दिवस खरा आहे. मजकूर कोणी लिहिला हा प्रश्न वेगळा, लिहिणाऱ्या बाईंना धोका कळत नव्हता. आरोपीला मात्र कळत होता. तिनं दोनदा विचारलं, याचाच अर्थ तिला पूर्ण जाणीव होती, आणि जाणीव असून तिनं तो नऊ हजार लोकांपुढे टाकला. देशाविषयी तिचं आधीचं लिखाण सोबत जोडलं आहे.

सौमित्र वळला. साऱ्या कोर्टात त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं.

न्यायाधीशांनी जामीन नाकारला. ते म्हणाले, हेतूचा विचार पुढे होईल. बाहेर पिंपळाखाली मास्तर यांच्यापाशी आले, हात जोडले आणि काही न बोलता निघून गेले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"मावशी, तू तिला काढायला गेली होतीस की बुडवायला?" सौमित्र म्हणाला.

"मी एकही शब्द खोटा बोलले नाही रे."

"तेच तर," तो म्हणाला आणि फाइल बगलेत मारून चालू लागला.

त्या आठवड्यातच विपुलला सीमेवरून मागे बोलावलं. चौकशी लागली आहे, फोन काढून घेतला आहे, इतकंच कळलं. तेही महादेवरावांकडून, तुटक. रुख्मिणीनं मंडळाचा ग्रुप सोडला. तिच्या मागून आणखी तीस-चाळीस जणींनी सोडला, त्यांच्या घरच्यांनी सोडायला लावलं. उरलेल्या आहेत, पण संध्याकाळी सहाला मी काही लिहीत नाही. कोणी विचारतही नाही. आकांक्षाची मुख्य परीक्षा होऊन गेली.

काल मला तुरुंगात भेटीची परवानगी मिळाली. जाळीपलीकडे ती आली. केस घट्ट बांधलेले, चेहरा उतरलेला, पण माझ्याकडे पाहून हसली. मी तिला प्रसाद आणला होता, तो दारावरच ठेवून घेतला होता.

"काका कसे आहेत?"

"बरे आहेत. तुझी पुस्तकं नीट झाकून ठेवलीत."

"विपुलदादाचं नाव सांगितलंत ना?"

"हो."

"त्यांनी मला पाच दिवस विचारलं, काकू. एक मॅडम तर रात्रभर समोर बसल्या होत्या. मी नव्हतं सांगितलं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "त्याला काय झालं?"

मी सांगितलं.

"मला वाटलं होतं, तुझ्या भल्याचं होईल," मी म्हटलं. "तू दोनदा विचारलंस हे मी मुद्दाम सांगितलं. तू किती जपून वागलीस ते त्यांना कळावं म्हणून. त्यांनी त्याचं उलटंच केलं गं."

"उलटं नाही केलं." तिनं जाळीत बोट अडकवलं. "सरकारी वकील म्हणाले ते खरंच आहे. मला माहीत होतं. ते टाकायला नको हे मला पहिल्यांदा वाचल्यावरच कळलं होतं. इंटरनेट बंद झालं तर सरकारला जाब विचारणारी मी. पण तुम्ही 'टाक गं' म्हणालात आणि मला तुम्हाला नाही म्हणता आलं नाही."

मागून पहाऱ्यावरच्या बाईनं वेळ संपल्याचं सांगितलं. आकांक्षानं बोट काढून घेतलं, सवयीनं जाळीतूनच वाकून मला नमस्कार केला, आणि मी आशीर्वादाला हात उचलला, पण काय म्हणायचं ते मला सुचेना.